सरळ करून देणारा रुपराव

रुपराव गणवीरला वाकडं काही बघवत नसे. कोणाच्या घरी गेला की पाण्याचा पेला हातात घ्यायच्या आधी भिंतीवरचं कॅलेंडर नीट करायचा. बाबासाहेबांची तसबीर सूतभर जरी कललेली दिसली तर चपला काढून, खुर्चीवर चढून ती सरळ करायचा, मग यजमान कोणी का असेना. मी एकदा वैतागून म्हणालो, "रुपराव, तुझी बायको तुले सोडून नाही गेली हेच नवल आहे गा." म्हणालो आणि जीभ चावली. माया, त्याची बायको, सहा वर्षांपूर्वी काविळीनं गेली होती. तो हसला नाही, रागावलाही नाही. "तिचा भांग मीच सिधा पाडून देत होतो," एवढंच म्हणाला.

इतवारीच्या बाजारात माझं झेरॉक्सचं आणि अर्ज टाइप करून देण्याचं दुकान. त्याला खेटून, भांड्यांच्या दुकानाच्या जिन्याखाली, रुपरावचं टेबल. वर पाटी: 'आडवे फोटो, उलटे व्हिडिओ सरळ करून मिळतील.' पाटी लागली त्या दिवशी मी पोट धरून हसलो होतो. म्हटलं, मान जरा वाकडी केली की झालं, याच्याकडे कोण मरायला येतो? महिनाभरात माझ्या गिऱ्हाइकांना त्याच्या गिऱ्हाइकांमधून वाट काढत यावं लागलं. कोणाचा बारशाचा व्हिडिओ आडवा, कोणाचा हळदीचा उलटा, कोणाचा फोटो फोनमध्ये उभा आणि कॉम्प्युटरवर टाकला की झोपलेला. लोक फोनला शिव्या घालत यायचे आणि रुपराव फोनची बाजू घ्यायचा.

"त्याची काय चूक? व्हिडिओ सुरू करतेवेळी तुम्ही फोन जसा धरला, तसाच तो शेवटपर्यंत धरून चालते. तुम्ही जमिनीकडे तोंड करून बटन दाबता आन् मंग वर उचलता. त्या बिचाऱ्याले काय समजणार, वर कोणतं आन् खाली कोणतं?" फोटोचं गणित वेगळं होतं. फोन फोटो फिरवतच नाही म्हणे, नुसती सोबत चिठ्ठी लावतो की हा असा बघा. ज्या यंत्राला ती चिठ्ठी वाचता येत नाही, ते फोटो आडवाच दाखवतं. मला हे लगेच पटलं. साहेब लोकांच्या टेबलांवर माझ्या अर्जांचं हेच होतं.

हे वेड त्याला कुठून लागलं तेही सांगतो. तरुणपणी तो लग्नांच्या शूटिंगला जायचा. रामटेकच्या एका लग्नात कॅमेऱ्याच्या तिपाईचा एक पाय मऊ मातीत रुतला आणि अख्खं लग्न कललेलं निघालं. नवरदेवाच्या काकानं चारचौघांत त्याच्या थोबाडीत मारली. "आमचा पोरगा पिऊन उभा होता का बे?" असं विचारलं. तेव्हापासून रुपराव नुसता फोटो फिरवून थांबत नसे. आडव्याचा उभा केला की तो चित्र कलतं करणारी पडद्यावरची बारीक पट्टी बोटानं सरकवत बसायचा, केसभर इकडे, केसभर तिकडे. चित्रातला खांब, दार, उभा माणूस, काहीतरी ओळंब्यात येईपर्यंत त्याला चैन नसे.

त्याच्या आणखी दोन सवयी होत्या. पहिली, व्हिडिओ हातात आला की तो आधी आवाज बंद करायचा. लोकांच्या घरातलं बोलणं आपण का ऐकायचं, असं त्याचं म्हणणं. "पाहाच लागते, पण आयकाचं काही काम नाही." दुसरी, सरळ केलेला व्हिडिओ ठेवून वाकडा तो कायमचा काढून टाकायचा. दोन्ही ठेवले की म्हाताऱ्या माणसांना नेमका वाकडाच सापडतो आणि ती परत येतात, हा त्याचा अनुभव होता. तिन्ही सवयी भल्या माणसाच्या आहेत, हे मी मुद्दाम सांगतो. पुढे जे झालं ते भलेपणातूनच झालं, आणि म्हणून मला त्याचा जास्त संताप येतो.

मागच्या वर्षी एका शनिवारी दुपारी इंदूबाई माझ्याकडे कामगार कचेरीत द्यायचा अर्ज टाइप करून घ्यायला आल्या. राहायला खापा गावात. त्यांचा नवरा धोंडबा आमच्याच गल्लीच्या टोकाला, ओमप्रकाश सेठच्या धान्याच्या गोदामात हमाल होता. बारा दिवसांपूर्वी तांदळाच्या पोत्यांची थप्पी, म्हणजे छतापर्यंत एकावर एक रचलेली पोती, त्याच्या अंगावर कोसळली आणि तो जागच्या जागी गेला. सेठचा दिवाणजी दुर्गेश यानं जबाब लिहून दिला की धोंडबा पिऊन आला होता आणि नशेत थप्पीवर चढला. अपघाताच्या कागदावर तसं चढलं. दवाखान्याच्या कागदात दारूचं नाव नव्हतं, कारण कोणी तपासलंच नव्हतं.

"पैशाचं मागून पाहू, मधुसूदनभाऊ," इंदूबाई म्हणाल्या. "आधी थे 'दारूच्या नशेत' खोडून पायजे. माह्या प्रीतीचा जन्म झाला त्या दिवशी विहारात जाऊन त्यायनं सोडली. चौदा वर्षं झाले. एक थेंब नाही. गावात आता लोक माह्याकडे पाहून हळू बोलतात."

मग त्यांनी पदरातून धोंडबाचा फोन काढला. काच तडकलेली. त्यात त्याच दिवशी सकाळी त्यानं स्वतः घेतलेला मिनिटभराचा व्हिडिओ होता. आडवा. अंधारं गोदाम, पोती, काही म्हणता काही उमजत नव्हतं. पण आवाज स्वच्छ होता. मी स्वतः ऐकला. "सेठ, पाहा, थप्पी झुकून राह्यली. मी कालपासून सांगून राह्यलो, कोणी आयकत नाही. आज पडन नाहीतं उद्या पडन. मंग म्हनू नोका सांगतलं नाही म्हणून." हा व्हिडिओ तो सेठला दाखवणार होता. दाखवायला वेळ मिळाला नाही.

मी म्हणालो, यातच सगळं आलं. फक्त चौकशीच्या साहेबासमोर आडवा ठेवून चालणार नाही, त्याला थप्पी झुकलेली दिसली पाहिजे. शेजारी वाकून रुपरावला हाक मारली. माझ्यासमोर तीन गिऱ्हाइकं ताटकळत होती आणि मशीनमध्ये कागद अडकला होता. मी म्हणालो, "हा व्हिडिओ तेवढा सिधा करून दे गा. नवरा गेला बाईचा." इतकंच. बाकीचं सांगायला दोन मिनिटं लागली असती.

इंदूबाईंनी तोंडाला पदर लावला होता. रडत्या बाईला रुपराव काही विचारणाऱ्यातला नव्हताच. त्यानं आधी आवाज बंद केला. व्हिडिओ फिरवला. थप्पी उभी झाली, पण कललेली दिसत होती. मेलेल्या माणसानं शेवटचा घेतलेला व्हिडिओ, आणि तो वाकडा! आयुष्यभर इतवारीत त्यानं हजारो थप्प्या पाहिल्या होत्या, आणि थप्पी उभीच असते. बिचाऱ्याचा हात हलला असेल, असं त्याला वाटलं. त्यानं पट्टी सरकवली. पोती ओळंब्यात येईपर्यंत सरकवत राहिला. फोनमध्ये जागाही शिल्लक नव्हती, म्हणून नेहमीसारखा जुना व्हिडिओ पुसला, कचऱ्याच्या पेटीतूनही पुसला, आणि नवा साठवला.

इंदूबाईंनी तो तिथेच, आवाजाशिवाय पाहिला. कडेला धोंडबाचा हात दिसत होता, बोटानं थप्पीकडे दाखवणारा. त्या बोटाला त्यांनी काचेवरून हात लावला. मीही पाहिला. दोघांनीही एकच पाहिलं, की आता मान वाकडी करावी लागत नाही. नंतर तीन आठवडे त्यांनी तो उघडला नाही. धीर झाला नाही, असं त्या म्हणाल्या.

चौकशीच्या दिवशी मी सोबत गेलो होतो. साहेब माणूस वाईट नव्हता. त्यानं फोन टेबलावर ठेवला, आवाज मोठा केला आणि सगळ्यांना जवळ बोलावलं. धोंडबा बोलू लागला. "सेठ, पाहा, थप्पी झुकून राह्यली." आणि समोर पडद्यावर थप्पी भिंतीसारखी सरळ उभी होती. तो पुन्हा पुन्हा सांगत होता, बोट दाखवत होता, आणि थप्पी जराही झुकलेली नव्हती. साहेबानं दुसऱ्यांदा लावला. दुर्गेश हसला असता तर मी त्याच्या अंगावर धावून गेलो असतो. पण तो हळहळला. "पाहा साहेब, थप्पी तं एकदम सिधी आहे. त्याले झुकलेली दिसून राह्यली. आता तुम्हीच समजा, सकाळी सकाळी किती पेला असन."

साहेबानं मान हलवली आणि लिहिलं, 'दारूच्या नशेत' कायम. इंदूबाई माझ्याकडे पाहत होत्या.

परत आल्यावर मी रुपरावच्या टेबलावर फोन आपटला. चार शिव्याही घातल्या, त्यातल्या निम्म्या मला स्वतःला लागू होत्या. त्यानं पहिल्यांदाच आवाज चालू करून तो व्हिडिओ ऐकला. एकदा, दोनदा, पाचदा. मग म्हणाला, "कोपऱ्यात बल्ब लटकून होता, मधुसूदन. वायर सिधी होती. मी पट्टी सरकवली आन् वायर तिरपी झाली. मले वाटलं पंख्याच्या हवेनं असन. दिसाले खराब दिसे, म्हणून मी तेवढा कोपरा कापून टाकला." फोन माझ्याकडे सरकवत म्हणाला, "मले दिसलं होतं गा."

दुसऱ्या दिवशी तो एकटाच साहेबाकडे गेला. सगळं कबूल केलं. साहेबानं विचारलं, मूळ व्हिडिओ कुठे आहे? पुसला. साहेब म्हणाला, मग तुमच्या तोंडच्या शब्दावर मी तो वाकडा धरू? काल सरळ केला, उद्या परत वाकडा करून आणाल. यात साहेबाचं काय चुकलं, ते मला आजही सांगता येत नाही. पुसलेलं परत काढून देणारा एक जण गाठला, त्यानं फोन आठ दिवस ठेवला. प्रीतीच्या वाढदिवसाचे फोटो निघाले, शेतातल्या बैलाचे निघाले, हा नाही निघाला.

वर्ष झालं. धोंडबाच्या पहिल्या स्मृतिदिनाला इंदूबाईंनी निरोप धाडला, रुपरावभाऊंनी यावंच. त्यांचं म्हणणं साधं होतं. थप्पी झुकलेली होती हे पाहिलेला आणि तसं बोलणारा जिवंत माणूस आता एकच उरला होता, आणि तो रुपराव होता. कागद बदलत नसेल तर न बदलो, निदान गावानं त्याच्या तोंडून ऐकावं. रुपराव आदल्या दिवसापासून जेवला नव्हता. बसमध्ये त्यानं एकदाच तोंड उघडलं. "काय सांगू?" मी म्हणालो, जे केलं ते सांग.

घरासमोर मंडप होता. साठ-सत्तर माणसं असतील. त्रिशरण झालं, पंचशील सुरू झालं. पाचवं शील मद्य न पिण्याचं. तिथे आल्यावर लोकांचे आवाज आपसूक खाली गेले, कोणाची तशी इच्छा नसताना. इंदूबाई आणि प्रीती, दोघींचेच आवाज तेवढे मोठ्यानं ऐकू आले. मला तिथून उठून जावंसं वाटलं.

मग रुपराव उभा राहिला. हात जोडलेले, नजर जमिनीवर. "मी त्यायचा व्हिडिओ पाह्यला. थप्पी झुकली होती. इतकी," आणि त्यानं हाताचा पंजा तिरपा करून दाखवला. "धोंडबाभाऊ खरं बोलून राह्यले होते. शुद्धीत होते. मी आवाज बंद करून बसलो होतो, मले समजलं नाही. मीनंच थे थप्पी सिधी केली." माझ्या 'सिधा करून दे' या एका वाक्याचं त्यानं नावही काढलं नाही. उठून ते मीच सांगायला हवं होतं. मी उठलो नाही.

धोंडबाचा थोरला भाऊ, म्हणजे इंदूबाईंचा भासरा, भैय्याजी पुढच्या रांगेत बसला होता. तो सावकाश उठला. "एक विचारू का?" तो म्हणाला. "थे थप्पी सिधी कराचे पैसे तुले कोणं देल्ले? सेठनं का?"

मंडपातली सगळी डोकी रुपरावकडे वळली. प्रत्येकाच्या मनात हेच होतं, आणि हे खरं निघालं असतं तर सगळ्यांना किती सोपं झालं असतं.

"मीनं देल्ले," इंदूबाई म्हणाल्या. त्या मागे, बायकांमध्ये, उठून उभ्या राहिल्या होत्या. "वीस रुपये. थे घेत नोते, भासरे. मीनं बळजबरीनं त्यायच्या टेबलावर ठेवले."