हौदावरचा रेवणप्पा

किस्से साठतात कसे, याचा अलीकडे मी विचार करतो. त्यांना दुरुस्त करणारी माणसं एकेक करून जातात आणि किस्सा सांगणाऱ्याच्या एकट्याच्या ताब्यात येतो. गंगाखेडच्या तेल गिरणीतल्या हौदांच्या शेडमध्ये आम्ही चौघं रोज असायचो. त्यातला मी तेवढा उरलोय. "असं नव्हतं हो साहेब" म्हणणारं आता कुणी नाही. त्यामुळं सांगताना मला धीर येण्याऐवजी धास्तीच वाटते. पण तुम्ही विषय काढलाच आहे, तर ऐका.

*

निजामाच्या राज्यात, हैदराबादला उर्दूतून रसायनशास्त्र शिकून मी गिरणीत लागलो. शेठजींना केमिस्ट का हवा होता, हे त्यांनाही नीट सांगता येत नव्हतं. परभणीच्या कुठल्याशा गिरणीनं ठेवला होता, म्हणून यांना हवा होता, इतकंच.

काम साधं होतं. शेंगांचं, करडईचं तेल घाण्यातून निघतं ते गढूळ. त्यात पेंडीचा भुगा असतो आणि पाण्याचे बारीक थेंब असतात. ते पहिल्या हौदात सोडायचं. भुगा जड, तो तळाला बसतो. त्याला साका म्हणायचे. वरचं तेल दुसऱ्या हौदात घ्यायचं, तिथं पाण्याचे थेंब सावकाश खाली जातात. मग तिसरा हौद. ना जाळी, ना यंत्र. पृथ्वी ओढते तेवढ्यावर सगळा धंदा!

शेठजी म्हणाले, हे बसणं लवकर झालं पाहिजे. मी दुपारभर आकडेमोड केली आणि सगळ्यांसमोर निष्कर्ष सांगितला. थेंब निम्मा झाला की त्याला खाली जायला चौपट वेळ लागतो. तेव्हा तेल ढवळू नये, हौद रुंद आणि उथळ ठेवावेत आणि थांबावं.

इंजिनावरचा गनीभाई दारात हात पुसत उभा होता. तो म्हणाला, "इत्ता पढको आए, और दवा क्या लिखे? ठैरो!"

त्यानंतर मी पुष्कळ शिकलो, पुष्कळांना शिकवलं. पण त्याहून वेगळं काही मला सांगता आलं का, याची अजून खात्री नाही.

*

हौद रेवणप्पाच्या ताब्यात होते. कपाळावर विभूती, गळ्यात लिंग, हातात लांब दांड्याची पळी. तिसऱ्या हौदातलं तेल डब्यात भरण्याआधी तो त्यात कापसाची वात बुडवून पेटवायचा. पाण्याचा अंश उरला असेल तर वात तडतडते. मुकाट जळली तर रेवणप्पा म्हणायचा, "पास." त्याच्या त्या एका शब्दावर माल स्टेशनात जायचा.

तेल बसत असताना शेडमध्ये कुणी धावायचं नाही, भांडायचं नाही, हौदाला टेकायचं नाही, असा त्याचा दंडक होता. शेठजीसुद्धा तिथं हळू चालायचे.

एकदा एक सरकारी अंमलदार पाहणीला आले. तेल किती खोल आहे ते बघायला त्यांनी हातातली काठी पहिल्या हौदात तळापर्यंत घातली आणि समाधान होईपर्यंत फिरवली. बसलेला साका ढगासारखा वर आला. कुणाची बोलायची छाती नव्हती. रेवणप्पा तेवढा हात जोडून म्हणाला, "सायेब, आता हे पुन्यांदा बसवाया लागंल."

अंमलदार काठी पुसत म्हणाले, "तो बिठाओ. हम भी बैठते हैं." आणि खुर्ची मागवून ते खरंच बसले! चहा झाला, पान झालं, जेवण झालं. तेल काही बसेना. शेवटी तेच उठले.

*

आता जे सांगतो ते आम्ही पुष्कळ दिवस कुणाला सांगितलं नव्हतं.

एका दुपारी वात अशी तडतडली की मी दोन पावलं मागं सरलो. रेवणप्पा शांतपणे म्हणाला, "पास."

मी गनीभाईकडं पाहिलं. त्यानं नजर चुकवली. नंतर इंजिनाजवळ नेऊन तो म्हणाला की रेवणप्पाला ऐकू येत नाही. आधी थोडं कमी झालं, आता काहीच नाही. शेड इंजिनाला लागून होती. सारा जन्म त्यानं त्या धडधडीत काढला होता. "मेरी इंजन खा गई उसके कान," गनीभाई म्हणाला, जणू इंजिन त्यानंच पोटच्या पोरासारखं वाढवलं होतं.

शेठजींना कळलं असतं तर रेवणप्पाचं काम गेलं असतं, आणि कामाबरोबर खोलीही. हौदांच्या मागच्या गिरणीच्या खोलीत तो आणि त्याची बायको गौराबाई राहायचे. मूलबाळ नव्हतं. गावाकडं, झरीला, भावकीनं घराला केव्हाच कुलूप लावलं होतं. दुसरं छप्पर नव्हतं.

मी त्याला खुणेनं विचारलं, कधीपासून? तो म्हणाला, "सायेब, शेठजीला नका सांगू."

*

मग आम्ही युक्ती काढली. वात पेटली की मी समोर उभं राहायचं. तडतडली तर चष्मा काढायचा. चष्मा नाकावर असेल तर पास. मी पदवीधर माणूस, वातीसमोर पुतळ्यासारखा उभा. शेठजींना वाटायचं, केमिस्ट बारकाईनं निरीक्षण करतो आहे.

वैशाखात एक दिवस घामानं काच धूसर झाली. मी विसरलो आणि चष्मा काढून धोतराच्या सोग्यानं पुसू लागलो. वात मुकाट जळत होती. रेवणप्पानं मान हलवली, "न्हाई. परत हौदात घाला." चांगलं निवळशंख तेल परत गेलं! शेठजी तिथंच होते.

शेठजी बाहेर जाऊन व्यापाऱ्यांना म्हणाले, "आमचा रेवणप्पा बघा. तुमाला आमाला आयकू येत न्हाई, ते त्याला आयकू येतं."

*

गौराबाईंना आमच्या आधीपासून ठाऊक होतं. त्यांनी कधी विषय काढला नाही, फक्त आवाज वाढवला. सुरुवातीला थोडा, पुढं पुढं इतका की जेवणाच्या सुट्टीत गिरणीतल्या सगळ्यांना कळायचं, आज अंबाडीची भाजी आहे. कळायचं नाही ते एका रेवणप्पाला. त्याला ताट समोर आल्यावर कळायचं.

गनीभाई भाजी आवडीची असली की आपली भाकरी घेऊन तिकडं जायचा. आमंत्रण सगळ्या गिरणीला असतं, असं म्हणायचा.

*

पुढं दिवस वाईट आले. रझाकारांच्या काळात शेठजी कुटुंब घेऊन वऱ्हाडात गेले. मी माझी माणसं पाठवली आणि स्वतः का राहिलो, हे मला आजही सांगता येत नाही. धाडस नव्हतं ते. बहुधा ठरवताच आलं नाही. गिरणी अर्धीमुर्धी चालायची. सोनपेठकडून येणाऱ्या बैलगाड्या थांबल्या होत्या.

एक दिवस आम्ही वात लावली आणि त्याच वेळी बाजाराकडून गोळ्यांचे आवाज आले. एक, मग पुष्कळ. आम्ही सगळे जमिनीवर पालथे. गनीभाई माझ्या शेजारी तोंडातल्या तोंडात पुटपुटत होता.

उभा होता एकटा रेवणप्पा. त्यानं आमच्याकडं पाहिलं, वातीकडं पाहिलं, पुन्हा आमच्याकडं पाहिलं. माझा चष्मा पडून लांब गेला होता. तो काळजीनं म्हणाला, "लय पाणी हाय वाटतं आज."

आम्ही पालथेच हसलो. बाजारात त्या दिवशी काय झालं, ते संध्याकाळी कळलं. त्यानंतर हा किस्सा आम्ही आपसातही सांगितला नाही.

*

शेवटचा सांगतो. पोलीस ॲक्शन झाली, राज्य गेलं, शेठजी परत आले. मग पारडं फिरलं. आता गनीभाईसारख्यांना बाहेर पडायची सोय राहिली नाही. त्यानं कुणाचं काही केलं नव्हतं. तेवढं पुरेसं नव्हतं. तो एका पहाटे रेवणप्पाच्या खोलीत आला आणि गौराबाईंनी त्याला ज्वारीच्या पोत्यांमागं बसवलं. हे मला आणि शेठजींना ठाऊक होतं.

दुपारी माणसं आली. बाहेरगावची होती. हातात काठ्या, कुऱ्हाडी. शेठजी आणि मी शेडमध्ये होतो. त्यांनी इंजिनाची खोली उलटीपालटी केली, मग हौदांकडं आली. खोलीच्या उंबऱ्यात गौराबाई ज्वारी निवडत बसल्या होत्या. त्या उठल्या नाहीत.

पुढारी दिसणारा माणूस रेवणप्पासमोर उभा राहिला. गनी इकडं आला का, त्यानं विचारलं. रेवणप्पानं नुसतं पाहिलं. त्या माणसानं त्याच्या गळ्यातल्या लिंगाकडं बोट केलं आणि म्हणाला, "ह्याच्यावर हात ठेव आन् सांग, न्हाई आला म्हणून."

ऐकू न येताही ते बोट त्याला कळलं. लिंगावर हात ठेवून रेवणप्पा खोटं बोलला नसता. हे मला माहीत होतं, शेठजींना माहीत होतं आणि आतल्या माणसालाही माहीत असणार. मी काही केलं असतं असं म्हणवत नाही.

रेवणप्पानं शेठजींकडं पाहिलं. मग मोठ्यानं, सगळ्यांना जाईल अशा आवाजात म्हणाला, "काय म्हणायलाव ते मला आयकू येत न्हाई. ठार बहिरा हाय मी. लय वर्सं झाली."

तो माणूस हसला आणि शेठजींकडं वळला. "शेठ, तुमी हौदावर बहिरा ठेवलाव? का सोंग करायलाय ह्यो?"

शेठजी रेवणप्पाकडं बघत होते. त्यांना सगळी वर्षं, सगळ्या वाती आठवल्या असतील.

"खरंच बहिरा हाय," ते म्हणाले. "म्हणून तर कामावरून काढलाय. आजच."

एकानं उंबऱ्याकडं पाहिलं. गौराबाईंनी सुपातला खडा काढून बाजूला टाकला. मग ती माणसं स्टेशनच्या दिशेनं निघून गेली.

त्यांचे आवाज पुरते विरल्यावर शेठजी मला हळू म्हणाले की आता शब्द गेला. उद्या हा हौदावर दिसला, तर ते परत येतील आणि मग खोलीत शिरल्याशिवाय राहणार नाहीत. याला जावं लागेल. खोली सोडावी लागेल. तुम्ही त्याला सांगा.

मी सांगणार कसा? ओरडून सांगायची ती वेळ नव्हती. पण रेवणप्पा आमच्या तोंडांकडंच बघत होता. त्यानं पळी पुसली आणि तिसऱ्या हौदाच्या काठावर ठेवली.

"एवढा हौद बसू द्या, शेठजी," तो म्हणाला. "मग जातो."

शेठजी माझ्याकडं वळले. "किती वेळ लागंल, केमिस्टसाहेब?"

मी हौदात पाहिलं. तेल आदल्या दिवशीच निवळलं होतं. तळाच्या तोटीचं पितळ लख्ख दिसत होतं.

"सांगता येत नाही," मी म्हणालो. "रात्र जाईल. कदाचित उद्याचीही."

शेठजी पुढं आले, काठाला हात न लावता वाकले आणि बराच वेळ तळाशी बघत राहिले.

"लय गढूळ हाय," ते म्हणाले. "बसू द्या."