बांधापलीकडचा आवाज

काकूला हळू बोलता येत नव्हतं. तिने घरात "मीठ दे गं" म्हटलं, तर खालच्या मजल्यावरची बाई मिठाचा डबा शोधायला उठायची. इमारतीतल्या पोरांनी तिचं नाव ठेवलं होतं भोंगाकाकू. जिन्यात दोघं-तिघं जमले की नक्कल सुरू: "एऽऽ सूनबाईऽऽ, दूध उतू चाललंऽऽ!" नक्कल बरी असायची, पण पोरं घशातून ओरडायची आणि काकूचा आवाज यायचा पोटातून.

तो आवाज शेतात घडला होता. आता इमारतीखाली गाड्या उभ्या राहतात, तिथे काकूच्या मिरच्या असायच्या. मिरच्या संपल्या की बांध आणि बांधापलीकडे दुसऱ्या एकीचा घेवडा. दोघी सकाळी वाकायच्या त्या दिवस कलल्यावर सरळ व्हायच्या. खुरपं थांबवायचं नाही, मान वर करायची नाही, शब्द तेवढे फेकायचे. हाक दोघींची एकच: "पलीकडचेऽऽ!" हिला ती पलीकडची, तिला ही पलीकडची.

त्या पलीकडचीला एक खोड होती. काकूचं म्हणणं तिने जन्मात मान्य केलं नाही.

"पलीकडचेऽऽ, ऊन फार आहे गं आज!"

"कुठलंय ऊन! तुझंच डोकं तापलंय!"

"सून गुणाची मिळाली हो मला!"

"नवी आहे अजून! थांब जरा!"

मग शहर सरकत सरकत बांधाशी आलं. दोन्ही घरच्या मुलांनी जमिनी देऊन टाकल्या आणि दोघींना आपापल्या शेताच्या डोक्यावर, चौथ्या मजल्यावर, घरं मिळाली. मध्ये रस्ता आणि एक मोकळा तुकडा.

मुलाने एकदा काकूला हौसेने पलीकडचीकडे नेऊन सोडलं. दोघी सोफ्यावर हातभर अंतरावर बसल्या.

"बरी आहेस?"

"आहे की."

पुढे काही सुचेना. इतक्या जवळून बोलायचं काय? हातात खुरपं नाही, नजर कुठे ठेवायची तेही कळेना. चहा पिऊन काकू उठली. फोनचंही तेच झालं. काकूच्या पहिल्याच हाकेला पलीकडचीने फोन कानापासून लांब धरला, तो परत कानाला लावलाच नाही.

एके संध्याकाळी काकू कपडे काढायला गॅलरीत गेली. समोर, मोकळ्या तुकड्यापलीकडे, बोटाएवढी बाई झाडू मारत होती. वाकण्याची ती तऱ्हा काकूने हजारांत ओळखली असती.

"पलीकडचेऽऽ! झाडतेस काय गं?"

"नाही, नाचतेय! दिसत नाही का?"

काकू खुदकन हसली. त्या दिवसापासून दोघी संध्याकाळी शेंगांची टोपली घेऊन गॅलरीत बसायच्या. मान खाली, हात चालू, शब्द आरपार.

मग सेक्रेटरी आले. सेक्रेटरींचा आवाज कायम दवाखान्यात असल्यासारखा. "काकू, कसं आहे ना, लोकांच्या तक्रारी येतायत. जरा व्हॉल्यूम..."

"काय म्हणालात? मोठ्याने बोला!" काकू म्हणाली. पोरं जिन्यात लोळायची बाकी राहिली.

काकूला थांबवणं सेक्रेटरींना जमलं नाही. ते काम मोकळ्या तुकड्याने केलं. तिथे खड्डा पडला, सळया उभ्या राहिल्या. काकूने खाली जाऊन गवंड्याला विचारलं, "किती उंच नेणार रे बाबा?"

"आभाळ लागेपर्यंत, काकू!" गवंडी हसत म्हणाला.

एकावर एक स्लॅब पडले आणि पलीकडची दिसेनाशी झाली. तरी नुसत्या खांबांमधून आवाज जायचा. काकू रोज बघायची, विटा कितव्या मजल्यापर्यंत आल्या. "आई, मी सोडतो ना तुला तिकडे गाडीने," मुलगा म्हणायचा. "आणि तिच्या तोंडाकडे बघत बसू?" काकू म्हणायची.

चौथ्या मजल्याची भिंत लिंपून झाली, त्या संध्याकाळी कामगार गेल्यावर काकू टोपली घेऊन बसली.

"पलीकडचेऽऽ!"

"...कडचेऽऽ!"

शेंग हातातच राहिली. जातोय की आवाज! काकूने स्टूल कठड्याशी ओढलं.

"भिंत आली गं आपल्या मध्ये!"

"...आपल्या मध्ये!"

काकू वाट बघत राहिली. 'कुठली भिंत? डोळे तपासून घे!' असं काहीतरी आता येईल.

"मला करमत नाही गं इथे!"

"...करमत नाही गं इथे!"

काकूने हातातली शेंग टोपलीत टाकली. पलीकडची असती तर म्हणाली असती, 'न करमायला काय झालंय तुला!' इतक्या वर्षांत तिने एकदाही हो ला हो केलं नव्हतं.

आतून मुलाने विचारलं, "आई, कुणाशी बोलतेस?"

काकू काहीतरी म्हणाली. मुलगा दारात आला.

"काय म्हणालीस? ऐकू नाही आलं."