लिबेरातोचं पोट आणि युद्धनौकेचा तळ

लिबेरातो मला पहिल्यांदा भेटला तो आकाशातून. आधी त्याचा लालबुंद रिव्हेट, पत्रे जोडायचा तापलेला खिळा, आला आणि माझ्या घेवड्याच्या सूपच्या वाडग्यात पडला. सूपची वाफ झाली. मग परांचीच्या फळ्यांवरून तो स्वतः उतरला आणि म्हणाला, "मीठ कमी असेल तर सांग." हातोडा असा मारायचा की समोरचा व्हेसुव्हियस ज्वालामुखी दचकून धूर सोडायचा. इटलीतल्या कास्तेल्लामारेच्या गोदीत आम्ही हजारभर माणसं तेव्हा एक युद्धनौका बांधत होतो. लिबेरातोच्या सांगण्यावरून मात्र ती तो एकटाच बांधत होता.

तळ बंद करण्यापूर्वी दृष्ट लागू नये म्हणून आत पोवळ्याचं शिंग बांधतात. बोटभर पुरतं. पण याने सासूच्या पलंगावरचं, तिच्या आजीपासूनचं शिंग गुपचूप आणून दुहेरी तळाच्या पोकळीत बांधलं. पलंगावर टांगलं लाकडी शिंग, जहाजाच्या तळाचाच लाल रंग फासून. सासूबाई दोन्ना कार्मोसिना रोज सकाळी त्याचा मुका घ्यायच्या. म्हातारी या वयात ओठ रंगवते, असं गल्लीत सगळे म्हणू लागले.

वर्षं गेली, मग युद्ध आलं. आमचं जहाज नव्या साजासाठी माहेरी परतलं: टॉर्पेडो अडवायच्या जाळ्या काढायच्या, डेकवर जाड पत्रे ठोकायचे, विमानांवर रोखलेल्या तोफा बसवायच्या. त्याच आठवड्यात सासूबाईंच्या एकुलत्या एका मुलाला, सबातोला, आघाडीवर जायचा हुकूम आला. रविवारी त्या त्याच्या गळ्यात शिंग बांधणार होत्या.

"पोरगा लाकूड बांधून लढाईवर जाणार रे!" लिबेरातो रडकुंडीला आला.

"मग तळातलं खरं काढ," मी म्हणालो.

तो तळाच्या भोकातून आत शिरला खरा, पण शिंग सोडवून परत येताना कमरेशी अडकला. मधल्या वर्षांतली सगळी मॅकरोनी आडवी आली.

"आत जाऊन जेवलास काय?" मी विचारलं.

"भीतीने फुगलोय! ओढ, गाढवा!"

आम्ही तेल ओतलं, ओढलं. तो तसूभरही हलला नाही, नुसता चकाकू लागला. तेवढ्यात लोखंडाचा कीस गोळा करणाऱ्या बायका आल्या. युद्धात बायकांनाही गोदीत काम मिळालं होतं. सगळ्यांत पुढे दोन्ना कार्मोसिना.

"जावईबापू, हातात काय ते?"

"पोवळं, सासूबाई."

"आणि माझ्या घरी?"

"लाकूड. पण साधंसुधं नाही हो, डेकवरचं सागवान!"

"मेल्या, इतकी वर्षं मी सागवानाचे मुके घेतेय?" त्यांनी चप्पल उपसली.

इतक्यात मागून एक खलाशी हळूच म्हणाला, "आई, ते नेऊ नका. या जहाजावर आम्हीही कुणाची तरी पोरं आहोत."

चप्पल हवेतच थांबली. म्हातारीने त्याच्याकडे पाहिलं, शिंगाकडे पाहिलं. मग माझी छिन्नी ओढून घेतली, लिबेरातोचाच हातोडा उचलला आणि एका घावात शिंगाचे दोन तुकडे केले. टोक एप्रनच्या कोपऱ्यात बांधलं.

"हे सबातोचं. ते जहाजाचं."

"पण आत जाऊन बांधणार कोण?" लिबेरातोने विचारलं.

"ज्याने चोरलं तो." आणि तिने त्याच्या डोक्यावर हात ठेवून त्याला बुचासारखं परत आत दाबलं.

जहाज युद्धभर तारांतोच्या बंदरात नांगर टाकून उभं राहिलं. सबातोने आघाडीऐवजी कासेर्ताच्या लष्करी कोठारात बटाटे सोलले. युद्धानंतर जहाज भंगारात काढलं. तळातला तुकडा काढून घ्यायचं कुणाच्या लक्षात आलं नाही.