आत्याचं एक लिटर

कुणाकडेही गेली की कुमुदआत्या दोन घोट पाणी घ्यायची आणि पेला परत करायची. चिक्कडपल्लीतल्या आमच्या नातलगांना तो अपमान वाटे. आलेल्या माणसाला भरला पेला द्यायचा आणि तो रिकामा होईपर्यंत समोर उभं राहायचं, ही आमच्या घराण्याची रीत.

मला मात्र तिनं नीट समजावलं होतं. तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलेली बाई. मेंदूच्या बुडाशी असलेल्या ग्रंथीत गाठ झाली आणि प्रोलॅक्टिन वाढलं. "दूध उतरवणारं हार्मोन रे. मला मूल ना बाळ, अन् वाढलं काय, तर हे. हौलं, येडं शरीर." त्यापायी पाणी धरायचं की सोडायचं हे ठरवणारी हार्मोन्सही बिघडली होती. शरीरात पाणी साठे, रक्तातलं मीठ पातळ होई. म्हणून दिवसाला एक लिटर, बस. मला समजलं असं मी म्हणालो. तिच्या वर्गातही मी असंच म्हणायचो आणि पस्तीस मार्कांवर सुटायचो.

मे महिन्यात ती दिलसुखनगरला आमच्याकडे राहायला आली. बायको माहेरी, म्हणून पाहुणचार माझ्याकडे. पाणी मी मोजूनच दिलं. ताक आणि पन्हं मोजलं नाही. ताक म्हणजे काय पाणी असतं? ती "नक्को रे दिनू" म्हणायची, मी पेला धरून उभा. माझं मन मोडू नये म्हणून ती प्यायची. तिसऱ्या दिवशी तिनं मला माझ्या वडिलांच्या नावानं हाक मारली. वडील जाऊन अकरा वर्षं झाली होती. मला वाटलं, ऊन लागलं. मी साखरपाणी पाजलं, दोन पेले. तासाभरात तिला आकडी आली.

दवाखान्यात दोन दिवस ती शुद्धीवर नव्हती. तिनं डोळे उघडल्यावर डॉक्टरांनी माझ्याकडे पाहत विचारलं, एवढं पाणी दिलं कुणी? मी तोंड उघडायच्या आत आत्या म्हणाली, "मीच प्याले. हा नको म्हणत होता."

कुणाचा अर्धा गुणही कधी वाढवला नव्हता तिनं. डॉक्टर तिला लहान मुलीसारखे रागावले, तिनं ऐकून घेतलं. मी तिच्या पायावरची चादर सारखी केली.

दोन वर्षांनी ती वेगळ्याच दुखण्यानं गेली. नातलगांच्या मात्र तिचं पथ्य मोडणंच लक्षात राहिलं. परवा चिक्कडपल्लीला पुन्हा तोच विषय निघाला, तेव्हा मी सांगून टाकलं की ते सगळं मी पाजलं होतं.

कुणीही विश्वास ठेवला नाही. म्हणाले, कुमुद खोटं बोलणाऱ्यातली नव्हती.