ताईंचा पावसातला फोन

मे महिना संपत आला की महाडच्या बाजारपेठेत घरोघरी एकच काम निघतं, खालचं सामान वर न्यायचं. सावित्रीचं पाणी यंदा घरात शिरेल की नाही हे कुणालाच माहीत नसतं, पण शिरणारच असं धरून आम्ही गाद्या, धान्य, देवांच्या तसबिरी, दुकानातले वह्यांचे गठ्ठे असं सगळं माडीवर चढवतो. त्या दुपारी मी ताईंची पुस्तकं चढवत होते. जिन्यात मध्येच टेकून दम खात होते आणि मनातल्या मनात त्यांना नावं ठेवत होते, की एवढी जाडजूड पुस्तकं जमवणाऱ्या बाईला देवाने पाठ धड असलेला भाऊ तरी द्यायचा. तेवढ्यात ताई शिकवत होत्या त्या नर्सिंग कॉलेजातून फोन आला. परीक्षेचं काम आटोपून बाहेर पडताना ताई व्हरांड्यात कोसळल्या होत्या… दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं. पुस्तकं माझ्या हातातच होती. ती खाली ठेवावीत की वर न्यावीत, हे मला कितीतरी वेळ कळेना. शेवटी मी ती वर नेली.

वासंतीताई माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. लग्न केलं नाही, आमच्याच घरात माडीवरच्या खोलीत राहिल्या आणि आयुष्यभर मुलींना नर्सिंग शिकवलं. मी त्यांना ताई म्हणायची, फार चिडले की ‘वन्सं’ म्हणायची, आणि तसं म्हटलं की त्या हसायच्या. दर मार्चला चवदार तळ्यावर लोक जमतात, तेव्हा विद्यार्थिनींना घेऊन त्या उन्हात मलमपट्टीचं टेबल लावून बसायच्या आणि संध्याकाळी लाल तोंडाने घरी यायच्या. त्यांना कशाची भीती म्हणून नव्हती. एका पुरात पाणी जिन्याच्या पायऱ्या चढत होतं, मी माडीवर देव पाण्यात घालून बसले होते, आणि ताई वरच्या पायरीवर पाय सोडून मला सांगत होत्या, “शुभा, अगं देव कशाला पाण्यात घालतेस, ते आपसूक जाणारेत.” मी मात्र पहिल्यापासून भित्री. गॅस बंद केला का हे बघायला मी रस्त्यातून परत येते. आमच्या घरात भिण्याचं खातं माझ्याकडे आणि हसण्याचं ताईंकडे, अशी वाटणीच झालेली होती.

पन्नाशी उलटल्यावर एक दिवस त्या म्हणाल्या, “मी पीएच.डी. करणार.” मी म्हटलं, “या वयात लोक गुडघे बदलतात.” त्यावर त्या म्हणाल्या, “तेही करू, पण नंतर.” विषय ऐकल्यावर मला हसू आवरेना, कारण विषय होता भीती. पोलादपूरच्या वर, कशेडीकडे जाताना डाव्या-उजव्या हाताला डोंगराच्या कुशीत वाड्या आहेत. तिथल्या माणसांच्या उरावर पावसाळाभर डोंगर असतो. त्या धास्तीचा त्यांच्या झोपेवर, रक्तदाबावर काय परिणाम होतो, हे ताईंना शोधायचं होतं. त्यांना गाडी येत नव्हती, म्हणून आमची जुनी व्हॅन मीच चालवायची. घाटात दुसऱ्याने चालवलेल्या गाडीत मला जास्त भीती वाटते. अशा रीतीने घरातली सगळ्यांत भित्री बाई भीतीच्या संशोधनाची ड्रायव्हर झाली. वाडीचं नाव मी इथे मुद्दाम लिहीत नाही. अजून पाऊस आहे, आणि तिथल्या लोकांना ते आवडणार नाही.

वाडीतली कर्ती माणसं बरीचशी मुंबईत, मागे बाया, म्हातारी आणि गुरं. आम्ही उतरायचो सुगंधाकडे. तिचा नवरा मुंबईला एका सोसायटीत वॉचमन होता, आणि ती सासूला, दोन मुलींना आणि चार जनावरांना सांभाळायची, आणि वाडीत तिचा शब्द चालायचा. ताईंनी विद्यापीठातून मंजूर करून घेतलेले प्रश्न काढले. दंडाला पट्टा बांधायचा, फुगा दाबायचा आणि विचारायचं, पावसात भीती वाटते का? झोप मोडते का? सुगंधा म्हणाली, “नाय.” सासू म्हणाली, “नाय गो बाय, भ्या कसला?” शेजारचा म्हातारा म्हणाला, “आमी हितलीच. आमाला कसलं भ्या?” सगळ्या वाडीचं उत्तर एकच. उताराला लागल्यावर ताई गप्प होत्या. पट्ट्यातला आकडा वेगळंच सांगत होता, उन्हाळ्यात येऊन मोजला होता त्यापेक्षा तो चांगलाच चढला होता. मी म्हटलं, “ती माणसं खरंच धीट असतील.” ताई म्हणाल्या, “मग त्यांच्या अंगाला कुणीतरी कळवायला हवं तसं.”

पुढच्या खेपेला आम्ही सुगंधाकडे मुक्कामाला राहिलो. पाऊस धरून होता. दुपारी सुगंधा पाणी आणायला झऱ्यावर गेली होती, आणि हात रिकामे ठेवणं ताईंच्या स्वभावात नव्हतं, म्हणून त्या गोठ्यात गेल्या. म्हशीच्या दाव्याची गाठ त्यांना सैल दिसली. आयुष्यभर मुलींना पट्टी कशी आवळून बांधायची ते शिकवत आलेली बाई ती. त्यांनी चारही जनावरांची दावी सोडून पुन्हा चांगली घट्ट बांधली आणि मला दाखवून म्हणाल्या, “बघ, आता सुटायची नाहीत.” सुगंधा हंडा घेऊन आली. गोठ्यात बघितलं आणि तिचा चेहरा असा उतरला की मला वाटलं घरातलं कुणी गेलं. हंडा तसाच टाकून ती धावली. ओल्या दाव्याची गाठ सुटत नव्हती. चारही गाठी सैल केल्याशिवाय तिने मागे वळून पाहिलं नाही. मग हळूच म्हणाली, “ताई, पावसात गुरांना घट्ट नाय बांधायची.”

“का गं?” ताईंनी विचारलं.

सुगंधा हंडा उचलायला वळली. दारात बसलेल्या सासूने वर डोंगराकडे न बघता नुसती मान हलवली आणि म्हणाली, “इचारू नको.”

मग आम्हाला दिसायला लागलं. त्या वाडीत प्रत्येक गोठ्यात गाठ सैल होती, एका हिसक्यात सुटेल अशी. पावसाळाभर कुठल्याच घराची कडी आतून लावलेली नव्हती. चपला उंबऱ्याशी, तोंड बाहेर करून ठेवलेल्या. आणि दरड हा शब्द आम्ही तिथे कधी कुणाच्या तोंडून ऐकलाच नव्हता. पाऊस असेतो तो उच्चारायचा नाही, ही तिथली रीत. आम्ही महाडकर पुराच्या गप्पा चवीने मारतो, पाणी कितव्या फळीला लागलं हे पाहुण्यांना कौतुकाने दाखवतो. तिथे भीतीचं नाव घेणं म्हणजे तिला हाक मारणं. ताईंनी घरोघर जाऊन नेमकं तेच तर विचारलं होतं. त्या संध्याकाळी त्या ओसरीवर माझ्याजवळ येऊन बसल्या आणि त्यांचा हात गार पडला होता. इतक्या वर्षांत मी पहिल्यांदाच त्यांना घाबरलेलं बघत होते, आणि ते बघून माझी पाचावर धारण बसली.

त्यानंतर ताईंनी विचारणं सोडलं आणि बघणं सुरू केलं. गाईडसरांना ते पसंत पडलं, पण त्यांनी बजावलं की संशोधकाने बघायचं, मोजायचं, मध्ये पडायचं नाही. मध्ये पडलात तर मोजलेलं सगळं वाया. ताईंनी मान डोलावली. मात्र निघताना सुगंधाला त्या सांगून आल्या, काही वेगळं दिसलं तर मला कळव.

तो फोन त्याच पावसाळ्यात आला. दुपारची वेळ, आम्ही दुकानात. सुगंधा म्हणाली, “ताई, झऱ्याचं पानी लाल येतंय. तुमी सांगितलंवतं म्हनून कळवलं.” तिने आणखी काही म्हटलं नाही, ताईंनीही विचारलं नाही. फोन कानाला तसाच धरून त्या उभ्या होत्या. चांगलं वाहणारं झऱ्याचं पाणी एकाएकी गढूळ होणं म्हणजे वर माती सरकतेय, एवढं मलाही ठाऊक होतं. संशोधक म्हणून त्यांनी फक्त ते टिपायचं होतं. मग त्या म्हणाल्या, “सुगंधा, उतरा. सगळे उतरा. गुरं सोडा. दरड येईल.” तो शब्द त्यांनी उच्चारला, पलीकडून क्षणभर नुसता पावसाचा आवाज आला, आणि मग फोन बंद झाला.

वाडी खाली आली. म्हाताऱ्यांना पाठुंगळीला घेऊन, भर पावसात, पायथ्याच्या शाळेत. आणि वर काहीच झालं नाही… पाणी पुन्हा नितळलं, डोंगर जागेवर राहिला. लावणीचे ऐन दिवस हुकले. सुटलेल्या जनावरांतलं सुगंधाच्या शेजाऱ्याचं वासरू ओढ्यात गेलं. आम्ही भेटायला गेलो तेव्हा कुणी भांडलं नाही, चहा दिला. फक्त तो शेजारचा म्हातारा ताईंकडे न बघता म्हणाला, “ताई, तुमी लय शिकलेल्या. पन आता आमाला खाली बोलवू नका. परत नाय उतरनार आमी.” सुगंधा खाली मान घालून उभी होती.

येताना ताई म्हणाल्या, सवच्या गरम पाण्याच्या कुंडांवर गाडी घे, गुडघे शेकायचेत. तिथल्या गरम पाण्यात पाय सोडून आम्ही बसलो. वाफेत त्यांचा चेहरा नीट दिसत नव्हता. त्या म्हणाल्या, “शुभा, आज त्यांच्यासमोर उभी असताना मला एकदा वाटून गेलं… पडली असती तर बरं झालं असतं. म्हणजे मी खरी ठरले असते.” मी त्यांच्या गुडघ्यांवर ओंजळीने पाणी ओतत राहिले. थोड्या वेळाने त्या म्हणाल्या, “मला डोंगराची तेवढी भीती नाही वाटत आता. पुढच्या वेळी खरंच पाणी लाल येईल आणि माझ्या एका शब्दापायी ती माणसं वरच बसून राहतील, याची वाटते.” गरम पाण्यात पाय असूनही त्या कुडकुडत होत्या.

तेव्हापासून ताईंनी तो वेगळा फोन घेतला. बटणांचा साधा फोन, पुरात वीज गेली तरी दोन-चार दिवस चालणारा. घराबाहेर त्याचा नंबर फक्त सुगंधाकडे. ताई तिला एवढंच म्हणाल्या होत्या, मी आता उतरा म्हणणार नाही, पण तुम्ही आपणहून उतरलात तर मला कळवा. माडीच्या खिडकीत तो चार्जिंगला लावलेला असायचा, आणि पावसाळाभर रोज सकाळी ताई आपल्या दुसऱ्या फोनवरून त्याला फोन लावून बघायच्या, वाजतो की नाही ते. “स्वतःलाच फोन करणारी बाई,” मी चिडवायची. पूर्वीसारख्या त्या हसायच्या नाहीत. पावसाळे आले आणि गेले, तो फोन ताईंच्याशिवाय दुसऱ्या कुणामुळे कधी वाजला नाही. दर पावसात त्या बारीक होत गेल्या. रात्री त्यांच्या खोलीची कडी आता लागत नसे, चपला दाराकडे तोंड करून असत. भरबाजारात, जिथे डोंगर नाही तिथे. मी बघायची आणि मलाही झोप लागायची नाही.

प्रबंध शेवटी झाला. फसलेल्या त्या पावसाळ्याचं प्रकरण काढून टाका, असं गाईडसर म्हणाले होते. ताईंनी ऐकलं नाही. “ते काढलं तर बाकीचं खोटं ठरतं,” म्हणाल्या. तोंडी परीक्षा जूनमध्ये होती. सर भेटायला आले तेव्हा ताईंच्या फोटोसमोर बराच वेळ बसले आणि जाताना म्हणाले, ते प्रकरण मी पुन्हा वाचलं… एवढं बोलून ते चपला घालू लागले. पदवी आता मिळायची नाही. तोंडी परीक्षेला माणूस लागतो.

ताई गेल्याचं वाडीवर कळलं होतं. सुगंधा आणि तो म्हातारा दिवसांना येऊन गेले. फोनचा विषय कुणी काढला नाही. मला तो बंद करवेना. पाऊस सुरू झाल्यावर एका सकाळी माझ्याही नकळत मी माझ्या फोनवरून त्याचा नंबर लावला. पडद्यावर ‘ताई’ आलं आणि वर माडीवर घंटी वाजली. मी खाली स्वयंपाकघरात रडत उभी राहिले. दुसऱ्या दिवशी पुन्हा लावला. मग रोजच.

जुलैत पावसाने जोर धरला. रस्त्यावर पाणी, कशेडीकडची वाहनं थांबवलेली. एका संध्याकाळी मी भाकरी थापत होते. माझा फोन पिठाच्या डब्याशेजारी, काळा, बंद पडद्याचा. मी कुणालाही फोन लावला नव्हता आणि माडीवर ताईंचा फोन वाजत होता. पिठाच्या हातांनी जिना कसा चढले ते मला आठवत नाही.

“वहिनी, सुगंधा बोलतंय. आमी खाली आलो. शाळेत हाव.”

मागे माणसांचा, गुरांचा, पावसाचा गलका ऐकू येत होता. मग मी विचारलं, “कुणी सांगितलं?”

“कुनी नाय. पानी लाल आलं. म्हातारा सोताच बोलला, उतरा. ताईंनी सांगितलंवतं, उतरलात तर कळवा. म्हनून कळवलं.” ती थांबली. “त्या नायत हे ठाव हाय मला. पन कळवायला हवं ना?”

“सगळे आले?” मी विचारलं.

“सगळे आले. गुरं पन.”

वर काय झालं? काहीच झालं नाही. डोंगर याही वेळी जागेवर राहिला, आणि पाणी नितळल्यावर माणसं मुकाट्याने वर गेली, लावणीला लागली. या खेपेला कुणी कुणाला बोल लावला नाही, असं सुगंधाने सांगितलं. फोन मी पुन्हा खिडकीत चार्जिंगला लावला. त्याच्या बटणांत अजून माझ्या हाताचं पीठ आहे. ताईंच्या खोलीची कडी मी लावत नाही. आज सकाळीही नंबर लावला, वर घंटी वाजली, आणि मी खालून नेहमीपेक्षा थोडा जास्त वेळ वाजू दिली. बाहेर पाऊस आहे.