तालमीतली लेक

छावणीतल्या एका भाड्याच्या बंगल्यात टीव्हीचे कार्यक्रम तयार करणारी छोटी कंपनी होती. तिथं मी नऊ वर्षं स्वयंपाक केला. ती माणसं कधी आटलेल्या विहिरींवर, कधी हातमागावर माहितीपट काढायची. पण चॅनलवाल्यांना हवा असायचा तो त्यांचा दुसरा कार्यक्रम, तुटलेली माणसं जोडण्याचा. खरी माणसं, खरी भेट, असं त्यात सांगायचे.

त्या कार्यक्रमाचा एक नियम होता. भेटणाऱ्या दोघांनी कॅमेऱ्यासमोर येईपर्यंत एकमेकांचं तोंड बघायचं नाही. एक पुढच्या खोलीत, दुसरा मागच्या. मधल्या दारात मी बसायची. माणसं माझ्यापुढं गयावया करायची, "मावशी, फटीतून एकदा बघू द्या." मी उठायची नाही. मला दया आली नाही, आणि आता आली होती असं लिहिणार नाही.

दुसरी पद्धत तालमीची. जो भेटायला यायचा असेल त्याच्या जागी सकाळी मी उभी राहायची. समोरचा किती पावलं चालणार, कुठं थांबणार, ते त्यावरून ठरायचं. मी कुणाची सासू झाले, कुणाची बहीण झाले, एकदा धोतर नेसून कुणाचा भाऊही झाले. तालमीत कॅमेरा बंद आहे असं पाहुण्याला सांगत. तो चालू असायचा.

एकदा बिडकीनची एक बाई आली. माझ्याहून दोन-तीन वर्षांनी मोठी, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. तिच्या लेकीनं जातीबाहेर लग्न केलं होतं. तेव्हा हिनं दारात बसून, गल्लीला दाखवून, लेकीच्या नावानं आंघोळ केली होती. मेलेल्या माणसाची करतात तशी. लेक गल्लीच्या तोंडाशी उभी राहून बघत होती. त्याला तेरा वर्षं झाली होती. आता हिला एकच हवं होतं. "एकदा तिनं माझ्या उंबऱ्याच्या आत पाय ठेवावा," ती म्हणाली, "मग मला न्या कुठं न्यायचं तिथं."

लेकीला हिरवी साडी नेसून यायला सांगितलं होतं. साहेबांनी, म्हणजे कार्यक्रम काढणाऱ्यांनी, शहागंजातून तसलीच साडी आणवली आणि मला नेसायला लावली.

"आजी, ही तुमची लेक समजा. काय म्हणाल हिला?"

म्हातारी माझ्या तोंडाजवळ तोंड आणून बघत राहिली. "ही? हिचं तर तोंडाचं बोळकं झालंय. माझ्या लेकीला सगळे दात हायेत."

सगळे हसले. कॅमेरावाला तर कॅमेरा सोडून हसला. साहेब म्हणाले, "मावशी, पदर घ्या डोक्यावर आणि पाठ करा तिकडं."

मी पाठ केली. तिनं हळूहळू येऊन माझ्या पाठीवर हात ठेवला.

"पोरी, त्या दिवशी मी डोक्यावरून पाणी घेतलं, ते अजून वाळलं नाय गं."

आणि ती कोसळलीच. माझ्या खांद्यावर कपाळ घासत रडली. माझं पोलकं पाठीवर भिजलं.

"लई भारी, आजी! फक्त 'पाणी'च्या आधी जरा थांबा. अजून एकदा."

असं चार वेळा झालं. तिसऱ्या वेळी डोळे कोरडे होते. चौथ्या वेळी ती न सांगता बरोबर जागेवर थांबली.

दुपारी लेक आली. चाळिशीची, ताठ. मागच्या खोलीत मी तिला चहा दिला. तिच्या पायाशी कपड्यांची पिशवी होती.

"मावशी, मला तमाशा नको," ती म्हणाली. "ती मनापासून बोलली तर आजच तिच्यासंगं बिडकीनला जाते. मुक्कामाचे कपडे बी आणलेत. नायतर नाय."

मी कपबशी उचलून बाहेर आले.

भेट झाली. म्हातारी मोजून पावलं चालली. तालमीसारखीच पाठ करून उभ्या केलेल्या लेकीच्या पाठीवर हात ठेवला. "पोरी, त्या दिवशी मी डोक्यावरून..." मग थांबली. मग "पाणी घेतलं" म्हणाली. डोळ्यात टिपूस नाही.

"आजी, अजून एकदा. जरा भरून येऊ द्या."

तिनं पुन्हा तेच म्हटलं, तितकंच थांबून. लेकीनं तिचा हात पाठीवरून काढला आणि मधल्या दाराकडं वळली. तिथं मी बसले होते.

"मावशी, खरं सांगा. सकाळी बी ही असंच म्हणली का?"

कॅमेऱ्यामागून साहेब मला मान हलवून नको नको म्हणत होते.

"व्हय," मी म्हणाले. "चार वेळा. 'पाणी'च्या आधी थांबायचं शिकवलंय तिला."

बोलले ते खरं होतं. पण खऱ्याच्या प्रेमानं बोलले नाही. माझ्या दातांवर सगळे हसले होते, ते पोटात होतं. पहिल्या वेळी पोलकं भिजलं, हे मी सांगितलं नाही.

लेकीनं मागच्या खोलीतली पिशवी उचलून आणली. "तवा बी तू लोकांना दाखवायलाच आंघोळ केलीस. आज बी त्यांनाच दाखव."

म्हातारी तिच्या मागं चाचपडत गेली. "थांब गं पोरी. आत्ता येतंय रडू, आत्ता येतंय."

"कॅमेरा बंद करू नको," साहेब हळूच म्हणाले.

टीव्हीवर यातलं काही आलं नाही. दारातून येणारी लेक दाखवली आणि पुढं तिच्या जागी माझी पाठ. म्हातारी खांद्यावर कपाळ घासत रडते आणि तिथंच संपतं. कार्यक्रम फार गाजला.

महिनाभरानं म्हातारी एकटी बंगल्यावर आली. साहेब शूटिंगला गेले होते.

"मला तुमच्याशीच काम हाय," ती म्हणाली. "गल्लीतले इचारत्यात, टीव्हीत लेक भेटली, मग घरी का येईना? म्हातारीनंच परत हाकलली आसंल म्हणत्यात. तुमी तिला फोन लावा. सांगा, पैल्यांदा मी खरं रडले हुते. तुमच्या पाठीला ठावं हाय."

फोन आतल्या खोलीत होता, नंबर वहीत होता. मी लावला. पोलक्याचंसुद्धा सांगितलं. लेकीनं सगळं ऐकून घेतलं.

"मग हे त्याच दिवशी का नाय बोललात?"

"तू विचारलंस तेवढंच मी सांगितलं."

ती म्हणाली, "आता हे कुणी शिकवलं तुम्हाला? साहेबांनी का तिनं?" आणि फोन ठेवला.

मी बाहेर आले. म्हातारी चहाला हात न लावता बसली होती.

"काय म्हणली?"

"उचलला नाही."

"मग अजून एकदा लावा."

मी आत गेले आणि भांडी घासायला घेतली.