खडकवासला, मुक्काम पोस्ट स्वित्झर्लंड

माझ्या सासऱ्यांना सगळ्या सोसायटीसमोर चोर ठरवलं ते मी, आणि तेही त्यांचं कौतुक करायला गेले म्हणून.

सासरे म्हणजे आमचे नाना. सासूबाई गेल्यापासून ते वारज्याच्या आमच्या फ्लॅटच्या गॅलरीत नुसते बसून असायचे. दिवसभरात एखादा टोमणा मारला तर आम्हाला हायसं वाटायचं. (तब्येत बरी असल्याची तेवढीच खूण!) मग माझ्या नवऱ्यानं, अजितनं, जलरंगांची एक पेटी आणून त्यांच्यापुढे ठेवली. नाना आठवडाभर तिच्याकडे संशयानं बघत होते. आणि एका सकाळी डबा, पाण्याची बाटली आणि ती पेटी घेऊन बसनं थेट खडकवासल्याच्या धरणावर गेले. तिथून आणलेलं चित्र मात्र खरोखर सुंदर होतं. निळंशार पाणी, काठावरचं एक झाड आणि मागे धुक्यात अर्धा बुडालेला सिंहगड.

ते चित्र सोसायटीच्या नव्या कॅलेंडरवर छापायचं ठरलं. त्या दिवशी नानांनी दुसऱ्यांदा आमटी मागून घेतली. आमच्या घरात याला जल्लोष म्हणतात. किती दिवसांनी मी त्यांना असं बघत होते! मला भरून आलं आणि भरून आलं की मला काहीतरी करावंसं वाटतं. तिथेच घोटाळा झाला.

ऑफिसातल्या एका मुलीनं मला नुकतीच एक विद्या शिकवली होती. एखाद्या वस्तूचा मोबाईलवर फोटो काढायचा, शोधायचं बटण दाबायचं, की तो फोटो जगात आणखी कुठेकुठे आहे ते फोन दाखवतो. (ती यावर साड्या शोधते. मी सासरे शोधले.) नानांच्या चित्राचा फोटो काढून बटण दाबलं आणि स्क्रीनवर ओळीनं तळी उगवली. तेच पाणी, तसंच झाड, तोच धुकट डोंगर. खाली लिहिलं होतं, स्वित्झर्लंड.

मी हरखले. आमच्या नानांच्या हाताला थेट स्वित्झर्लंडची सर! लगेच ते सगळे फोटो सोसायटीच्या ग्रुपवर टाकले आणि खाली लिहिलं, ‘बघा, नानांचं चित्र कुठे सापडलं!’

कौतुकाची वाट बघत बसले. कौतुक आलं नाही, सेक्रेटरी साठेकाका आले. ते दारातच उभे राहिले.

“मीनलताई, तुम्ही स्वतःहून सांगितलंत ते बरं केलंत. नक्कल केलेलं चित्र छापून सोसायटीला नसती कटकट नको. आपण कॅलेंडरवर नव्या लिफ्टचा फोटो घेऊ.”

‘सापडलं’ म्हणजे ‘तसंच सुंदर’, असं मी परोपरीनं सांगितलं. काकांनी माझाच मेसेज माझ्यासमोर धरला. आत बसलेल्या नानांनी सगळं ऐकलं होतं. काका गेल्यावर नानांनी ब्रश धुतले, पुसले आणि पेटी कपाटावर ठेवून दिली.

“सिंहगड तिकडे कधी हलवला ते विचार तुझ्या फोनला,” एवढंच म्हणाले आणि गॅलरीत जाऊन बसले.

त्यानंतर टोमणाही बंद झाला. आमटी तर पहिल्यांदासुद्धा जाईना. मला इतकं अपराधी वाटलं की मी चार वेळा माफी मागितली. नाना प्रत्येक वेळी “असू दे” म्हणाले. पुण्यातला माणूस “असू दे” म्हणाला की काही खरं नसतं.

शेवटी रविवारी सकाळी मी साठेकाकांना गाडीत घातलं. नानांना “दवाखान्यात जायचंय” अशी थाप मारून पुढच्या सीटवर बसवलं आणि गाडी खडकवासल्याच्या काठावर नेऊन उभी केली. नशिबानं धुकं होतं. नाना थेट त्यांच्या चित्राच्या जागेवर जाऊन उभे राहिले. समोर पाणी, काठावर ते झाड, मागे धूसर सिंहगड. सगळं जागच्या जागी.

“काका, आता तुमच्या फोनवर फोटो काढा आणि शोधा,” मी म्हणाले.

काकांनी फोटो काढला, बटण दाबलं आणि फोन डोळ्यांजवळ नेला. मी डोकावले. पुन्हा स्वित्झर्लंड! त्यांनी जागा बदलून पाहिलं, चष्मा पुसून पाहिलं. फोन आपल्या मतावर ठाम होता. त्याला सारखी दिसणारी चित्रं दाखवता येत होती, आपण उभे कुठे आहोत ते कळत नव्हतं.

नानांनी शांतपणे स्क्रीन बघितली. “म्हणजे धरणच नक्कल निघालं. बरं झालं साठे, व्हिसाशिवाय आलात.”

कितीतरी दिवसांनी टोमणा! मला तिथेच रडू आलं. काका मनानं सरळ. त्यांनी नानांचा हात धरून माफी मागितली आणि सगळ्यांना कांदाभजी खाऊ घातली.

सोसायटीच्या सभेत मात्र मी कसर ठेवली नाही. उठून उभी राहिले आणि ठणकावून सांगितलं, “आमचे नाना समोर दिसतं तेच काढतात. पदरचं काही घालत नाहीत!” टाळ्या पडल्या. कॅलेंडर छापलं गेलं. नाना आता रोज रंगवतात आणि रोज टोमणे मारतात. घर पुन्हा घरासारखं झालंय.

डोंगर-पाणी झाल्यावर नानांनी माणसं काढायला घेतली. पहिला मान अर्थात माझा. दोन दिवस मला खुर्चीत बसवून त्यांनी चित्र पुरं केलं. बटाट्यासारखं नाक, दोन हनुवट्या आणि चेहऱ्यावर भाजीवाल्याशी भांडण अर्धवट राहिल्याचा भाव! अजितनं चित्राकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि काहीतरी आठवल्यासारखा स्वयंपाकघरात गेला.

“नाना, ही मी आहे?” मी विचारलं.

“भर सभेत कोण म्हणालं, पदरचं काही घालत नाही म्हणून?” ब्रश धुता धुता नाना म्हणाले.

चित्र हॉलमध्ये लावलंय. परवा साठेकाका आले, बराच वेळ त्याच्यासमोर उभे राहिले आणि गंभीरपणे म्हणाले, “नाही, हे मात्र अस्सल आहे. शोधायची गरजच नाही.”